‘आगमना’चे पुराण : ख्रिस्तपुराणाच्या पूर्वार्धाचा पुनर्विचार

१

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्तपुराणाचा उल्लेख निघाला, की पहिल्या अवस्वरूतील मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्या हटकून पुढे येतात. इंग्लंडात जन्मलेल्या एका जेझुइट धर्मगुरूने सतराव्या शतकाच्या आरंभी मराठीचे असे गुणगान करावे, ही गोष्ट अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु या अभिमानानेच ग्रंथाचे एका परीने नुकसान केले आहे. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या काव्यातून चारसहा ओव्या वेचून पाठ्यपुस्तकांत घातल्या गेल्या. उरलेला ग्रंथ भाषाभ्यासकांच्या स्वाधीन झाला. त्यातील कोंकणी व पोर्तुगीज शब्दांची मोजदाद झाली, विभक्तिरूपे तपासली गेली, ज्ञानेश्वरी व एकनाथी भागवताशी साम्यस्थळे शोधली गेली. हे सर्व आवश्यकच होते. तथापि, हे काव्य कोणत्या मंडळींनी, कोठे बसून, कशासाठी ऐकावे म्हणून रचले गेले, हा प्रश्न त्यात मागे पडला. आणि तो मागे पडल्यामुळे ग्रंथाच्या पूर्वार्धाविषयीचा एक अभिप्राय फारशी चिकित्सा न होता रूढ झाला.

तो अभिप्राय असा : ख्रिस्तपुराणाचे खरे काव्य ‘दुसऱ्या पुराणा’त, म्हणजे ख्रिस्तचरित्रात आहे, छत्तीस अवस्वरूंचे ‘पैले पुराण’ हा जुन्या कराराचा पद्यमय सारांश असून मुख्य कथेची ती लांबलेली प्रस्तावना होय. हा अभिप्राय ग्रंथाच्या रचनेशी जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हे ख्रिस्ती उपासनेतील आगमनकाळाच्या आधारे स्पष्ट करता येते, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाचा पहिला आधार ग्रंथनामातच आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे आज सर्वतोमुखी असलेले नाव. मूळ पोर्तुगीज शीर्षक मात्र वेगळे आहे. त्याचा मराठीत अर्थ सांगावयाचा तर ‘आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन, दोन भागांत विभागलेले’ असा होतो. या शीर्षकात ‘चरित्र’ हा शब्द नाही, ‘आगमन’ हा आहे. स्टीफन्सनंतर थोड्याच वर्षांनी फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ याने ओवीबद्ध मराठीतच जो ग्रंथ रचला व जो १६२९ साली छापला गेला, त्याच्या शीर्षकात संत पेत्राच्या ‘जीवना’चा निर्देश असून या देशातील धर्ममतांच्या खंडनाची प्रतिज्ञाही आहे. दोन शीर्षके शेजारी ठेवली असता स्टीफन्सने कशाची निवड केली हे ध्यानात येते. त्याचा विषय येणे हा आहे. आणि येण्याची कथा वाट पाहण्यावाचून सांगता येत नाही.

२

आगमनकाळ हा ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत सुरू होतो. वेदीवर व धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रे येतात, रविवारच्या मिस्सातील गौरवगीत थांबते, संदेष्टा यशया याची वचने वाचली जातात. या काळाचे एक वैशिष्ट्य काव्याच्या अभ्यासकाने विशेषेकरून लक्षात घ्यावे असे आहे. येथे ज्याची वाट पाहावयाची, तो वाट पाहणाऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे पूर्वीच येऊन गेलेला आहे. धर्मग्रामात जमलेल्या मंडळींपैकी कोणालाही कथेचा शेवट अज्ञात नसतो. तरीही ती मंडळी दरवर्षी, ज्यांना शेवट ठाऊक नव्हता अशा पूर्वजांच्या जागी जाऊन उभी राहतात. हे उभे राहणे अज्ञानातून आलेले नव्हे. ते जाणूनबुजून पत्करलेले असते. त्याच वेळी दुसऱ्या, अखेरच्या आगमनाची प्रतीक्षाही त्यात मिसळलेली असते. म्हणूनच पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानाचा विषय बाळाचा जन्म हा नसतो. जगाच्या अंतकाळाची चिन्हे हा असतो. १५७० च्या मिस्साग्रंथानुसार, म्हणजे स्टीफन्सच्या काळी प्रचलित असलेल्या क्रमानुसार, दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने कारागृहातून पाठविलेला संशयाचा प्रश्न वाचला जाई. आगमनकाळाच्या उपासनेने अशा रीतीने शंकेलाही प्रार्थनेत जागा दिली आहे.

दुसरे वैशिष्ट्य प्रार्थनेच्या व्याकरणाचे. १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत सात प्राचीन लॅटिन पालुपदे म्हटली जातात. प्रत्येकात तारकाला निराळ्या नावाने हाक मारलेली आहे : कुठे प्रज्ञा, कुठे दाविदाची किल्ली, कुठे उगवता प्रकाश. प्रत्येकाचा कणा मात्र एकच, ‘ये’ हे आज्ञार्थी क्रियापद. हे ‘ये’ म्हणणारा कर्ता अनेकवचनी आहे. एकट्या साधकाची विरहवेदना ही मधुराभक्तीच्या काव्यात मराठी वाचकाला परिचित आहे. आगमनकाळाची आर्तता त्या जातीची नाही. ती समुदायाची आर्तता आहे. तिच्यात म्हातारे, मुले, शेजारी, एकमेकांशी बोलणे टाकलेले भाऊबंद हे सगळे एकाच वाक्यात सामावलेले असतात. सामुदायिक प्रार्थनेचे बळ आणि तिची अडचणही यातच आहे. कारण ‘आम्ही’ हा शब्द उच्चारणे सोपे, पण तो खरा करणे कठीण.

३

ही दोन वैशिष्ट्ये, म्हणजे जाणत्यांची प्रतीक्षा व प्रतीक्षेचे अनेकवचन, मनात ठेवून पैले पुराण वाचले असता त्याची रचना निराळी दिसू लागते.

ग्रंथाचा आरंभ एका मागणीने होतो. साष्टीतील एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूला विनवितो, की आमची मागील पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी आम्हांस ऐकावयास दुसरे पुराण का देत नाही? ही विनंती म्हणजे ग्रंथाची चौकट होय. श्रोता विचारतो आणि गुरू सांगतो, ही पद्धत मराठी श्रोत्याला नवी नव्हती. पुराणकथेची ती नेहमीची बैठक आहे. नवे होते ते श्रोत्याच्या प्रश्नाचे कारण. हा प्रश्न जिज्ञासेइतकाच अभावातूनही आला आहे. काहीतरी काढून घेतले गेले आहे आणि त्या रिकाम्या जागी बसून श्रोता वाट पाहतो आहे. म्हणजे काव्यातील पहिली प्रतीक्षा जुन्या करारातील कुलपतींची नसून ती साष्टीच्या या श्रोत्याची आहे.

त्यानंतर कथा सृष्टीच्या उत्पत्तीपासून चालू लागते. आदाम व एवा, जलप्रलय, अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, शलमोन, बाबिलोनचा बंदिवास, संदेष्टे असा तिचा क्रम आहे. हा क्रम सारांश म्हणून वाचला तर कंटाळवाणा वाटेल, आणि काही ठिकाणी तो खरोखरच तसा आहे. वंशावळी लांबतात, उपदेश कथेच्या अंगावर येतो, एकाच तत्त्वाचा उच्चार पुनःपुन्हा होतो. परंतु हा ग्रंथ एका वाचकाने एका बैठकीत वाचावा म्हणून लिहिलेला नाही. रविवारी व सणाच्या दिवशी चर्चमध्ये तो वाचला जाई, असे जुने उल्लेख आहेत. या पद्धतीने ऐकणाऱ्या धर्मग्रामाला पहिल्या अवस्वरूपासून ख्रिस्तजन्मापर्यंत पोहोचण्यास किती रविवार लागत असतील, याची कल्पना केली म्हणजे पूर्वार्धाच्या लांबीचा अर्थ उलगडतो. येथे विलंब हेच कथानक आहे. श्रोत्याने प्रत्येक पिढीबरोबर आशा करावी, ती पिढी सरावी, वचन पुढच्या पिढीकडे जावे, आणि पुढल्या खेपेस पुन्हा ऐकावयास यावे, अशी ही योजना आहे. पूर्वार्ध संक्षिप्त केला तर उत्तरार्धातील आगमनाचे वजन त्याच प्रमाणात उतरेल. प्रस्तावना गाळूनही ग्रंथ उभा राहतो. पैले पुराण गाळले तर ‘आगमन’ या शब्दालाच काही अर्थ उरत नाही.

ओवीची घडण या योजनेला अनुकूल ठरली. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांत गुंतलेले आणि चौथा आखूड, यमकातून सुटलेला, ही ग्रंथिक ओवीची रीत स्टीफन्सने सांभाळली आहे. मोठ्याने वाचताना या चौथ्या चरणापाशी आवाज खाली येतो व क्षणभर थांबतो. त्या विरामात वाचणाऱ्याला अर्थ सांगता येतो, ऐकणाऱ्याला तो मनात घोळविता येतो. पोथी लावण्याच्या प्रथेला हा विराम फार सोयीचा आहे. चातुर्मासात गावोगाव पोथी लागते, एकजण वाचतो, एकजण सांगतो, बाकीचे ऐकतात, आणि कथेच्या ओघात ऐकणाऱ्यांचा एक समाज तयार होतो. स्टीफन्सने ही प्रथा कितपत प्रत्यक्ष पाहिली होती, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. त्याने निवडलेला छंद आणि निवडलेली चौकट ही दोन्ही त्या बैठकीची आहेत, एवढे ग्रंथावरून निश्चित म्हणता येते.

भाषेची निवडही याच दिशेने बोलते. आपला ग्रंथ मराठीत रचला असून तो सर्वांस सुगम व्हावा म्हणून त्यात तेथील बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत, असे स्टीफन्सने प्रास्ताविकात सांगितले आहे. या मिश्रणाकडे भाषाशुद्धीच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना तो दोष वाटला. समुदायाच्या दृष्टीने पाहता तो काव्यधर्म ठरतो. ज्याला ‘आम्ही’ म्हणावयाचे आहे त्याला शब्दसंपत्तीही सर्वांच्या कानाच्या बेताने राखावी लागते.

४

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की जुना करार आधी व नवा करार नंतर हा क्रम कोणत्याही धर्मशिक्षणाचा स्वाभाविक क्रम आहे. त्यात आगमनकाळ शोधण्याचे कारण नाही. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. ख्रिस्तपुराण आगमनकाळासाठी म्हणून रचले गेले किंवा त्याच चार आठवड्यांत वाचले जाई, असा दावा येथे नाही. दावा एवढाच आहे, की आगमनकाळाच्या उपासनेत प्रतीक्षेचा जो आकार आहे, तोच आकार या काव्याच्या पूर्वार्धाला आहे. आणि ग्रंथकाराने स्वतः दिलेले शीर्षक या साम्याला पुष्टी देते. धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला एवढ्या विस्ताराची आवश्यकता नसते. स्टीफन्सने तसे पुस्तकही स्वतंत्रपणे लिहिले होते. त्याची कोंकणीतील ‘दौत्रीन’ राशोल येथे १६२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, छापली गेली. तत्त्वे शिकविण्याचे काम त्या प्रश्नोत्तरांनी भागणारे होते. पुराण त्याहून निराळ्या कामासाठी हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला बगल देऊन या ग्रंथाचे कोणतेही मूल्यमापन प्रामाणिक ठरणार नाही. प्रतीक्षा कोणाची? आगमनकाळात युरोपातील धर्मग्राम इस्राएलच्या पूर्वजांच्या जागी उभे राहते, तेव्हा त्याच्या पाठीशी त्या श्रद्धेची कित्येक शतके असतात. साष्टीतील श्रोत्यांची स्थिती तशी नव्हती. तेथील देवळे १५६७ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुख गावकरांना पोर्तुगीजांनी ठार केले. स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला होता. म्हणजे कुंकळ्ळीच्या घटना त्याच्या डोळ्यांदेखतच्या काळातील आहेत. १६१६ साली राशोल येथे छापलेले पुराण ज्यांनी ऐकले, त्यांच्यांतील वृद्धांना जुनी देवळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे स्मरण असणे अशक्य नव्हते. अशा श्रोत्यांना अब्राहाम व दावीद हे नवे पूर्वज दिले गेले. त्यांचे स्वतःचे पूर्वज या कथेत वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत नव्हते. ते रांगेबाहेर राहिले.

या काव्याचा खरा ताण येथे आहे. त्याचा आशय दुसऱ्यांच्या पूर्वजांची प्रतीक्षा सांगतो, पण ती सांगण्याचा आवाज, म्हणजे ओवी, पुराणाची बैठक, ‘वैकुंठ’, ‘मोक्ष’ यांसारखे शब्द, हा श्रोत्यांच्या स्वतःच्या पूर्वजांचा आहे. जे कथेतून वगळले गेले ते छंदातून परत आले. स्टीफन्सचा हेतू काय होता, यावर या विधानाची सत्यता अवलंबून नाही. त्याला कदाचित ओवी हे केवळ सोयीचे वाहन वाटले असेल. परंतु वाहनालाही स्मृती असते. वडिलांच्या तोंडी ज्या चालीत पूर्वी दुसऱ्या कथा ऐकल्या, त्याच चालीत नवी कथा ऐकणाऱ्याला त्या चालीबरोबर वडीलही आठवणारच. हा ग्रंथ धर्मांतराचे साधन होता असे म्हणून त्यातील काव्य नाकारणे, किंवा काव्य सुंदर आहे असे म्हणून त्यामागील हानी विसरणे, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिल्या अवस्वरूतील ब्राह्मणाची तक्रार स्टीफन्सने गाळली नाही. ती त्याने ग्रंथाच्या दारातच ठेवली. समीक्षकानेही ती तेथून हलवू नये.

लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित या संदर्भात बोलके आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. रोमन लिपीतील परंपरेत जेथे पोर्तुगीज धार्मिक शब्द आहेत, तेथे या प्रतीत पुष्कळदा संस्कृतोद्भव शब्द आढळतात. कोणता पाठ आधीचा, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : हे काव्य ऐकणाऱ्या वा उतरविणाऱ्या कोणाला तरी प्रार्थनेचे शब्द आपल्या जिभेच्या अधिक जवळचे हवे होते.

५

स्टीफन्सच्या काळी धर्मग्रामाची अधिकृत प्रार्थना लॅटिनमध्ये होती. आगमनकाळाची ती सात पालुपदे साष्टीच्या चर्चमध्ये म्हटली गेली असली, तरी जमलेल्यांपैकी बहुतेकांना त्यातील ‘ये’ कळण्याचा संभव नव्हता. वेदीवर एक भाषा आणि सभेत दुसरी, अशी ती विभागणी होती. ख्रिस्तपुराण या दोहोंमधील जागेत उभे राहिले. ते उपासनाविधीचा भाग नव्हते. पण ज्या प्रतीक्षेचा उच्चार विधी लोकांच्या कानांना परक्या भाषेत करीत होता, तिचा अर्थ लोकांच्या कानांपर्यंत पोहोचविण्याचे काम त्याने केले. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळा ते छापले गेले, यावरून त्याची गरज किती होती हे दिसते. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि ही जागाच आकुंचित झाली. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. काव्य टिकले ते मुख्यतः हस्तलिखितांतून आणि विशेषेकरून मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी केलेल्या जतनामुळे. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे रोमन लिपीत त्याचे संपादन केले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या देवनागरी आवृत्तीने ते मराठी वाचकांच्या हाती आले.

वेदी व सभा यांच्या भाषांमधील अंतर पुढे मिटले, तेही योगायोगाने आगमनकाळातच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला उपासनेत वाव देणारा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात, जाहीर केला. आणि नवा मिस्साविधी ३० नोव्हेंबर १९६९ या आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी अंमलात आला. वसईच्या धर्मग्रामांत आज आगमनकाळाची प्रार्थना मराठीत होते, गोव्यात ती कोंकणीत होते. यशयाचे वचन आणि त्यावरील लोकांचा प्रतिसाद या आता एकाच भाषेतील गोष्टी आहेत. चारशे वर्षांपूर्वी जे काम पुराणाने उपासनेच्या बाजूला बसून केले, ते आता उपासनाच करते.

यावरून ख्रिस्तपुराणाचे कार्य संपले असा निष्कर्ष कोणी काढील. धर्मग्रामाच्या दृष्टीने त्यात तथ्य असेल. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र त्याचे वाचन आता कोठे सुरू व्हावयाचे आहे. प्रार्थनेची भाषा आपली झाली, म्हणजे ‘आम्ही’ हा शब्द आपोआप खरा होत नाही. त्यात कोण सामावला आणि कोण बाहेर राहिला, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने विचारावा लागतो. पैल्या पुराणाने हा प्रश्न उत्तर न देता सांभाळून ठेवला आहे. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालणारी अब्राहामाच्या वंशाची आशा, आणि दुसरीकडे आपली पुराणे गमावून बसलेल्या, तरीही कथा मागावयास आलेल्या एका श्रोत्याची विनंती. या दोन प्रतीक्षांच्या मध्ये ते छत्तीस अवस्वरू पसरलेले आहेत. त्यांची लांबी ही त्या दोन प्रतीक्षांमधील अंतराचे माप आहे. मराठीच्या स्तुतीच्या ओव्या वाचून ग्रंथ मिटणाऱ्या अभ्यासकाने त्याच अवस्वरूतील त्या विनंतीपाशी थोडे थांबावे, आणि मग पूर्वार्ध मोठ्याने, शक्य तर चारचौघांत, वाचावा. हे काव्य वाट पाहण्यास शिकविते, आणि ती शिकवण ऐकण्यासाठी वाचकालाही वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते.